गोळी सुटू नये म्हणून: गावातल्या सिस्टरांची मदत कशी घ्यावी

शुगर किंवा बीपी असलेला माणूस वर्षभरात डॉक्टरांसमोर किती वेळ बसतो? तालुक्याच्या गावी तीन-चार फेऱ्या, दर खेपेला रांगेत दोन तास आणि डॉक्टरांच्या टेबलाशी दहा मिनिटं. बाकीचं सगळं वर्ष तो घरात, रानात, दुकानात, एसटीत असतो. आजार बिघडतो तो तिथे आणि आटोक्यात राहतो तोही तिथेच. गोळ्या संपून किती दिवस झाले, एकादशीला काय खाल्लं, पायात काटा मोडला तेव्हा जखम कुणी पाहिली का, यावर पुढचं सगळं ठरतं. आरोग्य खात्यातली जी व्यक्ती हे सगळं जवळून पाहू शकते, ती म्हणजे तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर.

सिस्टर म्हटलं की आपल्याला लसीकरण आणि बाळंतपण आठवतं. पन्नाशीच्या पुरुषाला तर उपकेंद्रात जायचाच संकोच वाटतो, ते बायका-पोरांचं ठिकाण म्हणून. हा संकोच आता सोडायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेले साडेएकतीस कोटी. एवढ्या माणसांना महिन्याच्या महिन्याला पाहतील इतके डॉक्टर आपल्याकडे नाहीत. म्हणून या आजारांचं रोजचं काम उपकेंद्रापर्यंत आणलं गेलं आहे. त्याचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

कोण कुठे भेटतं, ते आधी थोडक्यात. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असतं. तिथे आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम सिस्टर असतात. बहुतेक उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. त्यांना गावात ‘सीएचओ’ म्हणतात. त्यांतले काही बी. एस्सी. नर्सिंग झालेले, तर काही आयुर्वेद किंवा युनानीचे पदवीधर असतात आणि सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण घेऊन या कामावर येतात. इमारतीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसेल. घरोघर फिरणाऱ्या आशाताई या साखळीतला पहिला दुवा. शहरात हेच काम पालिकेचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रं करतात. निदान पक्कं करून औषध पहिल्यांदा सुरू करायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी. पुढे दरमहा तपासणी करून तीच औषधं देणं, सल्ला देणं, काही बिघडलं तर डॉक्टरांशी फोनवर किंवा ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर बोलणं आणि गरज पडेल तेव्हा वर पाठवणं हे उपकेंद्राचं काम. तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत.

वयाची तिशी ओलांडली असेल तर तपासणीसाठी लक्षणांची वाट पाहू नका. बीपी वर्षानुवर्षं वाढलेला असतो आणि माणसाला काहीच जाणवत नाही. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यात कुणाला शुगर-बीपी आहे का, एवढेच प्रश्न त्यात असतात. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली तर तपासणी लवकर करून घ्यायला सांगतात. आशाताई टेप घेऊन आल्या की घरातल्या बाया लाजतात, पुरुष ‘नंतर या’ म्हणतात. तसं करू नका. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर काटा वजन कितीही कमी दाखवत असला तरी धोका आहे. ‘मी तर सडपातळ, मला कुठली शुगर’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. वजनाने कमी असलेल्या आपल्या बाळांच्याही अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, हे त्यातून जगापुढे आलं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेलं, अशा शरीराच्या माणसाने तपासणी टाळू नये.

इथे एएनएम सिस्टरांकडे असलेल्या एका ठेव्याबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याची पुरेशी चर्चा होत नाही. गरोदरपणात कुणाची साखर वाढली होती, कुणाचा बीपी चढला होता, याची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये असते. बाळंत झाल्यावर साखर उतरते आणि घरचे ते विसरून जातात. पण अशा बाईला पुढच्या काही वर्षांत कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. गरोदरपणी बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. तुमच्या घरात अशी सून, लेक, बहीण असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची साखर तपासून घ्या आणि पुढे दर वर्षी तपासत राहा. सिस्टरांना तिचं नाव आठवणीने सांगा. बाईने स्वतःहून ‘माझी शुगर बघा’ म्हणून उपकेंद्रात जाणं आपल्या घरांत सोपं नसतं. सासूने किंवा नवऱ्याने तिला सोबत नेलं तर ते घडतं.

बीपी मोजणं सोपं वाटतं आणि म्हणूनच ते घाईत उरकलं जातं. खरा आकडा हवा असेल तर काही गोष्टींचा आग्रह तुम्हीच धरा. चालत आलात की आधी पाच मिनिटं शांत बसा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून बसा, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर हवा, ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नको. मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगा. उपकेंद्रात गर्दी असेल तर ‘सिस्टर, मी थोडं थांबतो, मग घ्या’ म्हणा. त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर तो उच्च रक्तदाब. बोटाच्या टोकातून घेतलेली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर पुढच्या तपासणीसाठी पाठवतात. तेवढ्यावरून मधुमेह झाला असं ठरत नाही. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्यापुढे आली, तर डॉक्टर निदान पक्कं करतात.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शुगर-बीपीच्या रुग्णाचं सगळ्यात जास्त नुकसान औषध सुटल्याने होतं. निदान होतं, गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिन्यांनी आकडा उतरतो आणि ‘आता नॉर्मल आलंय’ म्हणून गोळी बंद होते. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे, हे सांगायला त्या वेळी जवळ कुणी नसतं. बीपी पुन्हा चढतो, तोही गुपचूप, आणि एक दिवस माणूस लकवा होऊन पडतो. काहींना वाटतं की रोज गोळी खाल्ल्याने किडनी खराब होते. उलट आहे: साखर आणि बीपी वाढलेलेच राहिले तर किडनी खराब होते. काहींना गोळीचा खरोखरच त्रास होतो. ॲम्लोडिपिनने पावलं सुजू शकतात, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो, मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं. यांतल्या प्रत्येक त्रासावर उपाय आहे. मेटफॉर्मिन जेवणानंतर घेतली की बहुतेकांना पुढे सोसते, बाकीच्या गोळ्या डॉक्टर बदलून देऊ शकतात. पण त्रास होतोय हे सिस्टरांना कळलं पाहिजे. गपचूप गोळी बंद करून, विचारल्यावर ‘घेतोय की’ म्हणणारे रुग्ण प्रत्येक गावात आहेत.

भारतात २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग निवडले गेले. त्यात नवं यंत्र किंवा महागडी गोळी नव्हती. प्रत्येक रुग्णाला ठरलेल्या क्रमाने तीच दोन-तीन स्वस्त औषधं द्यायची, ती संपू द्यायची नाहीत, औषध घराजवळ मिळेल असं बघायचं, नर्ससह सगळ्यांनी मिळून रुग्ण सांभाळायचा आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला शोधून काढायचं, हीच कामाची पद्धत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संबंधित पुरस्कार या उपक्रमाला मिळाला. दक्षिण आशियातला आणखी एक पुरावा सांगतो. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये २,६४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने घरी जाऊन बीपी मोजला, घरच्यांना समजावून सांगितलं आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवलं. दोन वर्षांनी त्यांच्या रुग्णांचा वरचा बीपी इतरांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरलेला होता. पाच अंक ऐकायला थोडे वाटतात. हजारो माणसांच्या बाबतीत त्याचा अर्थ बरेचसे झटके आणि लकवे टळणं असा होतो.

म्हणून ज्या दिवशी तुम्ही गोळ्या न्यायला जात नाही, त्या दिवशी सिस्टरांचा किंवा आशाताईंचा फोन आला तर कटकट समजू नका. तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे असू द्या. घरात नंबर बदलला की आधार आणि बँकेला कळवतो, तसं उपकेंद्रालाही कळवा. गोळ्या आणायचा दिवस पक्का ठरवा, आठवडे बाजाराचा दिवस सोयीचा पडतो. शेवटची गोळी खाल्ल्यावर जाऊ नका, पाच-सहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. उपकेंद्रात साठा संपलेला असेल तर दुसरीकडून मिळवायला तेवढा वेळ हाताशी राहतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे जास्त जपायला हवं. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास लोक कोयता घेऊन निघतात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. जोडीतल्या एकाला शुगर असेल तर हे चार-पाच महिने गोळी बंद पडते, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात कष्टाच्या दिवसांत. निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी सिस्टरांना तारीख सांगा. जितक्या दिवसांच्या गोळ्या देता येतील तितक्या मागून घ्या. औषधांची नावं लिहिलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा आणि कारखान्याच्या गावात पोचलात की तिथलं उपकेंद्र कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. कार्ड दाखवलं की तिथल्या सिस्टर गोळ्या देऊ शकतात. पहाटे तीनला तोडणी सुरू होते आणि जेवण उशिरा होतं, हे सांगून गोळीची वेळही आधीच विचारून घ्या.

सिस्टरांना काय सांगायचं

खरं सांगायचं. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड, कारण सिस्टर गावातल्याच, ओळखीच्या असतात. नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा स्वतःच्या मिश्रीबद्दल त्यांच्याजवळ बोलणं जड जातं. पण मिश्रीतही तंबाखूच आहे आणि तिचा भार हृदयावर पडतोच. किती वेळा लावता ते सांगा. सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक १८००-११२-३५६ आहे. कुणी दिलेला झाडपाल्याचा काढा, जांभळाच्या बियांची पावडर किंवा कारल्याचा रस चालू असेल तर तेही सांगा. कारल्याचा रस प्यायचा आणि गोळी बंद करायची, एवढं मात्र करू नका.

दरमहा जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा. त्याला एक खास कारण आहे. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेला मुलगा आई-वडिलांसाठी मोठ्या डॉक्टरांकडून औषधं लिहून घेतो आणि कुरिअरने पाठवतो. इकडे उपकेंद्रातूनही गोळ्या येतात. पाकिटावरची नावं वेगळी, आतलं औषध एकच. टेल्मिसार्टन दोन नावांनी दोनदा पोटात गेलं की म्हातारी माणसं सकाळी उठताना चक्कर येऊन पडतात, कमरेचं हाड मोडतं. सिस्टर पिशवी ओतून पाहतील तर हे पाच मिनिटांत उघड होतं. बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी एक करावं: आईवडिलांच्या उपकेंद्राचा नंबर घ्यावा आणि औषधात बदल झाला की तिकडे कळवावं. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या तरुण बाईला बीपीची गोळी चालू असेल तर तिनेही ते आधी सांगायलाच हवं, कारण बीपीची काही औषधं पोटातल्या बाळाला अपाय करतात आणि ती वेळेत बदलावी लागतात.

खाण्याबद्दल सिस्टर सांगतात ते बऱ्याचदा ‘गोड कमी करा’ एवढ्यावर थांबतं. तुम्ही पुढचं विचारा. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. ‘मी आत्ता तीन खाते, किती करू, आणि भूक लागली तर काय खाऊ’ असं विचारलं की उपयोगी उत्तर मिळतं. ताटात पालेभाजी आणि मटकी, हुलगे, चवळी यांसारखी कडधान्यं वाढवली की एक भाकरी आपोआप कमी होते. साखरेच्या चहाचा हिशेब कुणी करत नाही. घरचे दोन, शेजारचा एक, पाहुण्यांसोबतचे दोन, असे पाच कप होतात. मिठाचं प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, यापेक्षा जास्त नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मीठ जातं ते लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची, फरसाण यांतून, आणि कोकणात सुकट-बोंबलातून. भाजीत मीठ कमी केलं आणि शेजारी लोणच्याची फोड तशीच राहिली तर फारसं काही साधत नाही.

उपवास हा वेगळा विषय आहे, आणि ‘उपवास करूच नका’ असं दटावून तो सुटत नाही. श्रावणातले सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस ही आपल्या बायांच्या श्रद्धेची जागा आहे. सिस्टरांना दोन-तीन दिवस आधी विचारा. दिवसभर काही न खाता ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक उतरते. साबुदाण्याच्या खिचडीने आणि बटाट्याने ती उलट वर जाते. डॉक्टरांना फोनवर विचारून त्या दिवसापुरता डोस कमी करता येतो. खिचडीऐवजी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी असं सुचवता येतं. इन्सुलिन घेणाऱ्याने, किडनीचा त्रास असलेल्याने आणि गरोदर बाईने कडक उपवास टाळावा हे मी स्पष्टच सांगतो.

इन्सुलिन, आणि साखर एकदम उतरली तर

इन्सुलिन लिहून मिळालं की घरात रडारड होते. खरं तर सिस्टरांची सगळ्यात जास्त गरज याच वेळी असते, कारण डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात ते हाताने करायला शिकवतात त्या सिस्टर. पहिले आठ दिवस तुम्ही स्वतः इंजेक्शन घेताना त्यांना बघू द्या. एक गोष्ट पाठ करून ठेवा: सरकारी पुरवठ्यातली इन्सुलिनची बाटली सहसा ४० युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची झाली तर डोस अडीचपट जातो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर डोस निम्म्याहून कमी पडतो आणि साखर का उतरत नाही ते कुणालाच कळत नाही. मेडिकलमधून सिरिंज आणली की टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा सिस्टरांकडून एकदा ताडून घ्या.

रोज एकाच जागी टोचलं की कातडीखाली गाठी होतात आणि त्यात गेलेलं औषध नीट लागू पडत नाही. पोटावरची जागा रोज बोटभर सरकवत जा. दुधाळ दिसणारं इन्सुलिन घेण्यापूर्वी बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवा, जोरात हलवू नका. फ्रिज नसेल तर अडचण नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आणि छोट्या मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही औषध टिकतं, फक्त वाळू वाळू देऊ नका. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा, चार आठवड्यांनी नवी घ्या.

दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर ७० च्या खाली उतरल्याची लक्षणं. तपासायला यंत्र नसेल तर वाट पाहू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग पोळी-भाकरी काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी सिस्टरांना किंवा डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन घेणाऱ्याने रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी.

पायांबद्दल एवढंच आग्रहाने सांगतो. शुगरच्या रुग्णाच्या पायाची संवेदना हळूहळू जाते आणि त्याला ते कळत नाही. सिस्टर एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला टोचून पाहतात, वर्षातून एकदा तरी ही तपासणी मागून घ्या. घरी रोज रात्री तळवा बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला बघायला सांगा. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, अनवाणी रान नको, कुरूप ब्लेडने कापणं नको. आषाढीच्या वारीला शुगर असलेलेही अनेक जण जातात आणि त्यांना जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण नवी चप्पल घालून निघू नका, महिनाभर आधी ती पायात रुळू द्या. मुक्कामाला पोचल्यावर बूट-मोजे काढून पाय बघा आणि फोड आला तर त्याच संध्याकाळी पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकाला दाखवा.

‘गॅस झालाय’

हृदयविकाराचा झटका आलेला असताना सोडा पीत बसल्यामुळे आपल्याकडे माणसं जातात. छातीत दाब, जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, घाम, मळमळ यांतलं काहीही पंधरा मिनिटांहून जास्त टिकलं तर तो गॅस नाही असंच समजून चाला. शुगरच्या रुग्णाला छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसता दम लागतो, घाम सुटतो, गळून गेल्यासारखं वाटतं. बायांच्या बाबतीत हे आणखी निसटतं. अशा वेळी १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात ही मोफत सेवा २०१४ पासून आहे. दुसरा फोन सिस्टरांना. त्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची गोळी चावून खायला देऊ शकतात आणि ईसीजीची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं तेही त्यांना माहीत असतं. माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, चालवू तर मुळीच नका. तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं ही लकव्याची लक्षणं. इथे वेळ अजून कमी असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन व्हायचा असतो. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला माणूस ‘आता नळी साफ झाली’ म्हणून निर्धास्त होतो. खरी निगराणी तेव्हा सुरू होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सिस्टरांकडे द्या. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाने रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्यावर सूज आली किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, तर सिस्टरांना त्याच दिवशी कळवा. तेवढ्यावरून डॉक्टर औषध बदलू शकतात आणि आयसीयूची वारी टळते.

सिस्टरांच्या मर्यादाही आपण ओळखल्या पाहिजेत. बीपी १८०/११० च्या वर असेल, पायाची जखम काळी पडली असेल, साखर ३०० च्या वरच राहत असेल, दृष्टी अंधूक होत असेल, तर उपकेंद्रात थांबू नका. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन या तपासण्या वर्षातून एकदा वरच्या रुग्णालयात करून घ्याव्याच लागतात, त्याची चिठ्ठी सिस्टरांकडून मागून घ्या.

आणि एक मागणी गावाने केली पाहिजे. एकाच सिस्टरांवर लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपणं, साथीचे आजार आणि प्रत्येक गोष्टीची ऑनलाइन नोंद एवढा भार असताना शुगर-बीपीच्या रुग्णांसाठी त्यांनी वेळ कुठून आणायचा? प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी जन आरोग्य समिती असते आणि उपकेंद्राच्या पातळीवर तिचं अध्यक्षपद सरपंचांकडे असतं. पुढच्या ग्रामसभेत सरळ विचारा: आपल्या उपकेंद्रात साखर तपासायच्या पट्ट्या किती महिने पुरतील एवढ्या आहेत? बीपीचं मशीन बरोबर दाखवतंय का, ते शेवटचं कधी तपासून घेतलं? ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन गेल्या तीन महिन्यांत कधी संपली होती का? सिस्टरांचं किंवा सीएचओचं पद रिकामं असेल तर ते भरण्यासाठी जिल्हा परिषदेकडे पत्र गेलं का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या पानाची एक प्रत उपकेंद्रात लावा.